बर्फाचा फोटो

४ जानेवारी
तर दादाचं तेच तुणतुणं. गाडी दारात उभी ठेवून हप्ता फिटत नाही, म्हणून तिच्यावर ड्रायव्हर बाळ्याला बसवला. मी म्हटलं बसव, पण बाळ्या उतारावर न्यूट्रल मारतो, साऱ्या तासगावला माहीत आहे. दादा म्हणला, "मग तू ये आणि चालव." असं म्हणलं की मी फोन ठेवतो. पिकअप माझ्या पगारावर घेतली. वर्ष होत आलं, अजून तिच्यात बसलो नाही. फोटोत बघितली. हार घातलेली.

महिन्याला पंधराशे रियाल जातात. हप्ता आणि घर. एकदा कमी गेले तर दादा आठवडाभर बोलत नाही.

इकडं कतारमध्ये दुसऱ्याची पिकअप. सकाळी मुऐदरच्या बंगल्यातून बाबाला घेऊन उंटांकडं. चारा टाकायचा, परत बंगला. बाबा म्हणजे माझ्या कफीलचा, मालकाचा बाप. पाठ वाकली, जीभ नाही वाकली.

६ जानेवारी
स्वयंपाकघरात कुंजूनं, बंगल्यातल्या आचाऱ्यानं, बातमी दिली. सगळं घर बर्फ बघायला निघालंय. सौदीत, तबूकच्या डोंगरावर. दरवर्षी पडतो म्हणे. कफील, मॅडम, पोरं मोठ्या गाडीत. तंबू, लाकडं, भांडी पिकअपमध्ये. म्हणजे मी. कुंजूला नेणार नाहीत. म्हणला, "तू किस्मतवाला है रे. मैं इधर झाडू मारेगा."

दादाला फोन केला. "वाळवंटात बर्फ? ऊन लागलं काय तुला?" म्हटलं खरंच. "मग फोटो पाठव." आई मागून ओरडली, कानटोपी घाल.

९ जानेवारी, शुक्रवार
सलव्याची बॉर्डर ओलांडून सौदीत शिरलो. मोठ्या गाडीत जागा नाही, त्यामुळं बाबा माझ्या शेजारी. रस्ता सरळ म्हणजे किती सरळ. स्टेअरिंग धरलं काय, सोडलं काय. बाबा खजूर खातो, बिया डॅशबोर्डवर मांडतो. कफीलचा फोन आला की फोनकडं नुसता बघतो.

मला विचारलं, "तुम बर्फ मालूम?" म्हटलं, गारा मालूम. अंगूरवर पडतात. एकदा सगळी बाग पांढरी झाली होती, द्राक्षं खाली, माणसं बांधावर उभी. निम्मं हिंदीत, निम्मं हातानं सांगितलं. बाबा म्हणला, "हराम." इकडं 'अरेरे'ला तसं म्हणतात. मग आणखी एक खजूर दिला.

११ जानेवारी
बघितला. गारांसारखा आवाज नाही. नुसता खाली येतो. कॅनव्हासच्या बुटात पाणी गेलं, बोटं असून नसल्यासारखी.

इकडं लोक नाचतात. तंबूत शेगड्या, गहवा म्हणजे त्यांची कॉफी, पोरं एकमेकांना गोळे मारतात. तिकडं पांढरं झालं की रडतात.

फोटो नाही. मॅडम आणि मुली बाहेर होत्या, कफीलनं आधीच सांगितलं होतं, मोबाईल डॅशबोर्डच्या खणात ठेव. बरोबर आहे त्याचं. दुसऱ्याच्या घरच्या बायका आपल्या फोनमध्ये नकोत. म्हटलं, उद्या निघताना नुसता डोंगर काढू.

१२ जानेवारी
काढला नाही.

सकाळी तळ हलवला. उतार. कफीलनं गावातून साखळ्या भाड्यानं आणल्या होत्या, टायरला बांधायच्या. बाबा बघून हसला. साखळी गाढवाला बांधतात म्हणला, बांधू दिली नाही. मला खूण केली, "हवा निकालो. शुविया शुविया." वाळूत उतरताना रोज करतो तेच. चारही टायरची थोडी थोडी हवा सोडली. आता टायर बसेल, पकड येईल. मलाही तेच वाटलं. वाळूशिवाय दुसरं काय माहीत.

वळणाच्या पुढं कफीलची गाडी थांबली होती. पोरं उतरून खेळत होती. मी पाय उचलला. वाळूत पाय उचलला की गाडी आपोआप थांबते, वाळू धरते. इथं कुणी धरलंच नाही. ब्रेक दाबला तर आणखीनच सुटली. चाकं थांबलेली आणि गाडी चाललेली. आवाज नाही काही नाही. बाबानं माझं मनगट धरलं. पोरं मोठी मोठी दिसायला लागली.

डोंगराच्या अंगाला स्टेअरिंग फिरवलं. दगड. डावा लाईट, बंपर, जाळी, पाणी वाहायला लागलं. बाबाच्या खजुराच्या बिया खाली सांडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मुद्दाम केलं.

कफील आला. टायर बघितले. "हवा कौन निकाला?"
बाबा खिडकीतून बाहेर बघत होता.
"मैं," म्हटलं. सोडली तर मीच होती.

१७ जानेवारी
दोह्यात परत. इकडं चोवीस डिग्री, पोरं शॉर्टवर. पिकअप इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला.

कफील ओरडला नाही. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मग म्हणला, खर्चातले नऊशे तुझे. तीन महिने तीनशे कापणार. खलास. वाईट माणूस नाही. दुसऱ्यानं घरी पाठवला असता.

दादाला सांगितलं.
"बर्फावर घसरली?"
"हो."
"कतारमध्ये."
"सौदीत, दादा. सांगितलं होतं की."
"फोटो?"
चेमटलेल्या बंपरचा पाठवला. म्हणला, बंपर कुठंही चेमटतो, बाळ्यानंपण चेमटवलाय. काय भानगड केलीस ते सरळ सांग. एशियन टाऊनला पत्ते खेळतोस का?
बाळ्यानं चेमटवलाय हे मला आजच कळलं.

२४ जानेवारी
पिकअप आली. नवा लाईट जरा जास्तच पांढरा.

बाबाला घेऊन उंटांकडं. परत आल्यापासून तो बोलला नव्हता. वाळूत उतरायच्या आधी मी थांबलो, हवा सोडायला खाली वाकलो. वरून आवाज आला.

"उस दिन मैं बोला. हवा."
"हां बाबा."
"तुम क्यों नहीं बोला, बाबा बोला?"
"आप भी नहीं बोला."

तोंडातून गेलं. आता खलास, म्हटलं. बाबा खोकेपर्यंत हसला. उंटांना चारा टाकून झाला, परतीचा रस्ता लागला, तेव्हा म्हणला, "मैं बोलेगा उसको. इन्शाल्ला."

इथं इन्शाल्ला म्हणजे काय ते मला अजून नीट समजलेलं नाही. कधी होतं, कधी होत नाही. बापानं पोरापुढं कमीपणा घ्यायचा, तोही ड्रायव्हरसाठी. आमच्याकडं माझ्या बापानं, आबांनी घेतला असता का, विचार करत बसलो. नसता.

३१ जानेवारी
पगार. तीनशे कमी.

बाबा बोलला की नाही माहीत नाही. सकाळी उंटांकडं गेलो तर सगळा वेळ उंटिणीच्या पायाबद्दल बोलला. बोलला असेल आणि कफीलनं ऐकलं नसेल. किंवा पुढच्या महिन्यात. मी विचारलं नाही.

कुंजूनं स्वतःहून तीनशे पुढं केले. "ले, पूरा भेज. घर पे मालूम नहीं पड़ना चाहिए." इथं सगळे तसंच करतात. कमी पडलं की एकमेकांकडून घेऊन आकडा पुरा करतात, घरच्यांना वाटतं सगळं ठीक. मीपण आधी दोनदा केलंय. नको म्हटलं. कुंजूला राग आला. भात वाढताना चमचा आपटला.

पैसे पाठवायला एक्स्चेंजला रांग. दादाचा मेसेज, बाळ्या गाडी सोडतो म्हणतोय, तू कधी येतोस ते नक्की सांग. फोन खिशात टाकला.

बर्फाचा फोटो मागत होता. हा घे.

पाठवले १२०० रियाल.