यवतच्या पुढे

२७ मार्च, गुरुवार
ईदला गावी जायचं, तर एस.टी. फुल. ट्रॅव्हल्स फुल. पुण्यातल्या गावकऱ्यांनी मिळून ट्रॅव्हलर ठरवलाय, शनिवारी दुपारी मांजरी फाट्यावरून. सलीमने आमच्या दोन जागा सांगून टाकल्या. संध्याकाळी कळलं, बडेभाई आणि भाभी त्याच गाडीत.

सलीम म्हणाला, "मग मी बाइकवर येतो."
रोजा धरून, या उन्हात, पार बार्शीच्या अलीकडे. म्हटलं, ये. तिथेच बाइकचा विषय संपला.

सख्खे भाऊ. माझा नवरा हडपसरला कंपनीत, बडेभाई मार्केट यार्डात काट्यावर तोलणार. अब्बा गेल्यापासून बोलणं बंद.

२८ मार्च, शुक्रवार
लॅबला अर्धा दिवस. शीरखुर्म्याचं सामान, अम्मींना चप्पल. भाभीचा फोन: "दोघं दोन खिडक्यांना, आपण मध्ये." हसलो दोघी. नंतर हसू आलं नाही.

अब्बा गेले ते दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या गर्दीत. बडेभाई गावीच होते, आम्ही इथून एस.टी.ने निघालो. हायवे बंद. सलीमचे फोनवर फोन: थांबा, येतोय. शेवटी मला एस.टी.त सोडून चालत सुटला. पोचला तेव्हा माती देऊन लोक परत येत होते. बडेभाई एवढंच म्हणाले, "निघायलाच उशीर केलास."

उशीर केला नव्हता. पण ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

२९ मार्च, शनिवार
गाडीत लिहितेय. उभ्या गाडीत.

उद्या पाडवा, परवा बहुतेक ईद, त्यात सलग सुट्ट्या. पुण्यातून बाहेर पडू शकणारा प्रत्येक माणूस आज सोलापूर रोडवर आहे. लोणी काळभोरला पोचायलाच दुपार गेली. ड्रायव्हर म्हणतो, "म्या काय करू? मुंगी बी सरकंना." ए.सी. बंद केलाय, इंजिन तापतंय म्हणे. मागच्या सीटवरचं बाळ रडून रडून झोपलं.

ठरल्याप्रमाणे दोघं दोन खिडक्यांना.

उरुळीच्या पुढे इफ्तारची वेळ. खजूर टपावरच्या बॅगेत, ताडपत्रीखाली. कोण चढणार. गाड्यांमधून एक बाई पाडव्याच्या गाठी विकत फिरत होती. भाभीने दोन माळा घेतल्या आणि तोडून वाटल्या. सगळ्या गाडीने साखरेच्या गाठीवर रोजा सोडला. पाण्याची बाटली एकच. सलीमकडून माझ्याकडे, माझ्याकडून भाभीकडे, तिच्याकडून बडेभाईंकडे.

तेवढ्यात गावाकडून चाचांचा फोन, बडेभाईंना. स्पीकरवर होता. कुठे आहात, अम्मी सारखी दारात जातेय.
"अडकलोय चाचा. रस्ता बंद आहे."
"मग लवकर निघायचं ना!"
"लवकरच निघालो होतो!" बडेभाई इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले.
फोन ठेवला. सलीम खिडकीबाहेर बघत होता. बघण्यासारखं काही नव्हतं, उसाची ट्रॉली होती.

मग बडेभाई, समोरच्या सीटकडे बघत: "तेव्हा कुठे अडकला होतास?"
मला वाटलं, सलीम उत्तर देणार नाही.
"यवतच्या पुढे."

यवत आलं. गेलं. "इथे?" "अजून पुढे. त्या पंपापाशी उतरलो."
"आणि?"
"चौफुल्यापर्यंत चालत. तिथून दूधवाल्याच्या गाडीवर."
बडेभाईंनी मान वळवून पंप मागे जाईपर्यंत पाहिला. गाडी रांगत होती, त्यामुळे बराच वेळ दिसत राहिला.

बास. एवढंच बोलणं. पुढे दोघं झोपले की डोळे मिटून बसले, माहीत नाही.

३० मार्च, रविवार
पोचलो. अंग ठणकतंय. अम्मी दोघांचे चेहरे बघत होत्या. शेजारच्या देशमुख काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या, त्या संध्याकाळसाठी ठेवल्या. चांद दिसला.

३१ मार्च, सोमवार, ईद
नमाजनंतर कब्रस्तानात दोघं वेगवेगळे गेले, वेगवेगळे आले.

दुपारी सलीम वाड्या-वस्तीवर शीरखुर्मा द्यायला गेला होता. मी आणि भाभी आत भांडी घासत होतो. बडेभाई अम्मींजवळ बसले होते. म्हणाले, "मी थांबायला हवं होतं. लोक घाई करत होते, तरी मी नको म्हणायला हवं होतं."
अम्मी म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतोस?"

भाभीने नळ बंद केला. माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "तू सांगू नकोस हं सलीमभाईंना. ह्यांचं ह्यांना सांगू दे."
बरं म्हटलं. पण अवघड आहे.

१ एप्रिल, मंगळवार
सलीमची उद्या ड्यूटी, म्हणून आम्ही सकाळच्या एस.टी.ने परत. बडेभाई-भाभी आठवडाभर राहणार. निघताना बडेभाई अंगणात होते. पिशवी उचलून गेटपर्यंत आणली, सलीमच्या हातात दिली. "नीट जा." सलीमने मान हलवली.

परतीचा रस्ता मोकळा. चीड आली.

३ एप्रिल, गुरुवार
सलीम विचारतो, गप्प का आहेस. दमलेय म्हटलं.

५ एप्रिल, शनिवार
जेवायला बसणार, तेवढ्यात सलीमचा फोन वाजला. टेबलावर माझ्याच बाजूला होता. बडेभाई. दोन वर्षांत हे नाव या स्क्रीनवर पाहिलं नव्हतं. नंबर डिलीट केलाय असं मला वाटत होतं.

सलीम बघत राहिला. कट केला नाही. वाजून वाजून थांबला. वाटलं, संपलं. पुन्हा वाजला.

उचलून गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. काचेतून पाठ दिसते. बोलतोय की नुसता ऐकतोय, कळत नाही. भात गार झाला. मी वाढलेलं नाही अजून.