शक्तीच्या गोळ्या

मोर्शेदा, माझे बाई,

काल फोनवर तू म्हणालीस, "आम्मा, तुझ्या शक्तीच्या गोळ्या संपत आल्या. दोन वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई म्हणतात, हिच्या अंगात ताकदच नाही. आणखी पाठव गं." सासूबाई शेजारीच ऐकत होत्या, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं.

पोरी, त्या शक्तीच्या नव्हेत. आपल्या गावात सगळं पाणी खारं. त्यातच कमरेपर्यंत उभं राहून कोळंबीची पिल्लं धरायची, त्यातच पाळीची फडकी धुवायची. तुझ्या मांड्या सोलवटून निघाल्या, तेव्हा पाळी थांबावी म्हणून मी त्या शक्तीच्या सांगून दिल्या. मूल राहू नये म्हणून बायका घेतात, त्याच. लग्नाच्या पेटीत तू डबाभर पाकिटं नेलीस, हे मला कालच कळलं.

हे पत्र सासूबाई आधी वाचतील आणि म्हणतील, हिनं मुद्दाम घेतल्या. म्हणून ते चुलीत घालते. उद्याच्या लाँचनं मीच येते, पण पोचायला संध्याकाळ होईल. रोज सकाळी "गिळलीस का?" म्हणून दरडावणारी मीच होते. माझं सगळं ऐकत आलीस. उद्या सकाळी तेवढं ऐकू नकोस.

तुझी,
आम्मा