ढोल्याला सकाळ-संध्याकाळ सुई कोणी द्यावी

दिनांक ८ ऑक्टोबर २०२३, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. ढोल्याला इन्सुलिन देऊन, सुई डब्यात टाकून, हात धुऊन लिहायला बसलो आहे. माझे वय सत्तावीस, शिक्षण सातवी, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाहीच. आज सायंकाळी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचे आहे. सर्जन म्हणाले, "अहो, एवढ्याशा ऑपरेशनला मृत्युपत्र?" त्यांच्या घरी मांजर नसावे.

१. शिडी, ब्रश व अक्षरांचे साचे मागच्या गल्लीतल्या पेंटरला द्यावेत. तो माझे दर पाडतो, पण त्याची अक्षरे उतरणीला लागतात. साचे वापरले तर सरळ येतील.

२. बाबांचे घड्याळ दादाने न विचारता नेले आहे. तेच त्याला दिले असे समजावे. ढोल्याचे कळल्यावर तो म्हणाला होता, "मांजराला डायबेटीस? आता उंदराचं बीपी तपासून आण!" त्यामुळे ढोल्या त्याच्याकडे देऊ नये.

३. ढोल्या हा बोका, वय अकरा. नाव आता नावापुरतेच. अंगावर हाडे उरली आहेत. आई गेल्यापासून या खोलीत माझ्याशिवाय श्वास घेणारा तो एकटाच. आधी त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली, मग साखर वाढली. इन्सुलिन दोन युनिट, सकाळी सात व सायंकाळी सात, खाऊन झाल्यावरच. बाटली हलवू नये, तळहातांत फिरवावी. सुई लाल झाकणाचीच. माणसांची चालत नाही. खाल्ले नाही, ओकला किंवा पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसला, तर सुई न देता डॉक्टरांना फोन करावा. दिली की नाही अशी शंका आली, तर देऊ नये.

४. ही सुई माझ्याशिवाय फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना येते. त्यांच्याशी मी आठ महिने बोललेलो नाही. ठरले असे होते की, मी सुई दिली की भिंतीवरच्या तक्त्यावर लाल टिंब काढायचे. आठपर्यंत टिंब नसेल, तर काकूंनी किल्लीने दार उघडून सुई द्यायची. एका सकाळी सुई दुप्पट गेली. ढोल्याला झटके आले. काकूंनी हिरड्यांना मध चोळला आणि त्याला भाजीच्या पिशवीत घालून दवाखान्यात पळवले. मी पोहोचलो तो ओरडतच, "मारलंत तुम्ही त्याला!" आणि किल्ली काढून घेतली.

आता खरे लिहितो. त्या सकाळी सुई मी दिली होती, पण कामाच्या घाईत टिंब काढायला विसरलो होतो. दवाखान्यातून परतल्यावर ते काढले आणि दुसऱ्या दिवशी काकूंना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "मला कसं दिसलं नाही रे?" एवढेच म्हणाल्या.

५. येथवर लिहून आठ पन्नासला हा कागद व किल्ली घेऊन खाली काकूंकडे गेलो. काकू म्हणाल्या, "जिना सापडला का?" उभ्याउभ्याच चौथे कलम वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"म्हणजे माझे डोळे धड होते?"

"हो."

"मेल्या, नवा चष्मा केला मी. वर जिन्यात पाय टाकायला भ्यायले आठ महिने."

मी माझी शिल्लक ३१,४०० त्यांच्या नावे करतो म्हणालो. म्हणाल्या, "पैसे ढोल्याच्या औषधाला ठेव. चष्म्याचे तेवढे दे." किल्ली त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि दार लावले.

सबब ढोल्या काकूंना, शिल्लक ढोल्याला.

काकूंना त्याचा ताबा मिळत असल्याने त्यांची सही साक्षीदार म्हणून घेतली नाही.

साक्षीदार: १. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट (सही) २. रंगाच्या दुकानाचे मालक (सही)
लिहून देणार: पाटीवाला (सही)
स्थळ: माझी खोली, दुसरा मजला. सकाळी अकरा.

हिशेब
ढोल्यावर आजवर खर्च: ४२,३१५
देणे, डॉक्टर: ६५०
देणे, काकूंचा चष्मा: १,८५०