तियोंच्या गाण्यावर चढेल असा भोंगा

आदरणीय तियो सेर्वान्दो,

आशीर्वादासाठी तुमचा हात मनातल्या मनात माझ्या कपाळाला लावून हे पत्र लिहितो आहे. आईसकट आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा आणि घसा कसा आहे? (गुडघ्याचं खरोखर विचारतो. घशाचं उत्तर संध्याकाळी इथपर्यंत ऐकू येतं.)

मागच्या नोव्हेंबरात आपल्याकडे स्वच्छ ऊन असताना डोंगरातल्या पावसाने नदी चढली आणि तुम्ही घरात टेबलावर उभे सापडलात, तेव्हापासून आपल्या धाकट्या भावाच्या काळजीने आईची झोप उडाली आहे. म्हणून गावासाठी पुराचा भोंगा घ्यायचं ठरलं, आणि गावच्या प्रमुख कपितान लोर्ना यांनी तो निवडायचं काम मला दिलं. (मी आठवीपर्यंतच शिकलो, पण माझं अक्षर चांगलं आहे.) दुकानात एक भोंगा शंभर डेसिबलचा होता, दुसरा एकशेवीसचा आणि बराच महाग. मी म्हटलं, शंभराचे दोन द्या, दोनशे होतील. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "अरे बाळा, ही काय तांदळाची पोती आहेत? दोन लावलेस तर एकशेतीन होतील." शिवाय तो आकडा भोंग्यापासून एक मीटरवरचा असतो, पुढे अंतर दुप्पट झालं की दर वेळी त्यातले सहा गळतात. म्हणून भोंगा बसणार त्या गावच्या कार्यालयाच्या छपरापासून तुमच्या फाटकापर्यंत मी दोरीने मोजलं. पाचशे बारा मीटर, म्हणजे नऊ दुपटी, चोपन्न वजा. शंभरातले उरले सेहेचाळीस. फोनवर मोजलेला तुमच्या फाटकाजवळचा एरवीचा आवाज अडतीस. आठाने जिंकलो असं समजून शंभराचाच घेतला.

चूक इतकीच झाली की मोजायला मी गुड फ्रायडे निवडला (सुट्टी होती). त्या दिवशी आपल्याकडे कोणी भिंतीत खिळाही ठोकत नाही, मग गाण्याचं कराओके मशीन कोण लावणार.

भोंग्याची चाचणी जत्रेच्या दिवशी झाली. तुम्हाला हे माहीत नसेल, कारण तेव्हा तुम्ही गात होता. (फाटकाशी नव्वद भरले.) इकडे कार्यालयाशेजारी मार्सिंगमावशीचं गाणं नुकतंच संपलं होतं. तिच्या पाहुण्यांना वाटलं, मशीनने तिला गुण दिले त्याचीच ही तुतारी, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कपितान मला म्हणाल्या, "आता पुराला सांगू का रे, तुझ्या तियोंचं कडवं संपेपर्यंत थांब म्हणून?" भोंगा बदलून एकशेवीसचा आणला. तरी तुमच्यापर्यंत सहासष्टच पोहोचतात, आणि त्याहून मोठा बसवला तर कार्यालयालगतच्या बालवाडीतल्या पोरांचे कान जातील.

मोठ्यांना जास्त काय लिहू. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा,
आर्नेल

ता. क. – प्रत्येक गाण्यानंतर साठ अंक मोजेपर्यंत मशीन बंद ठेवाल का?

ता. क. दुसरा – ते राहू द्या. नदी चढली की धावत येऊन तुम्हाला सांगायचं काम आता माझ्याकडे आहे. काल धावून पाहिलं. चार मिनिटं लागली, आणि नंतर फाटकाशी हाका मारत मी तीन गाणी उभा होतो. परतताना मला फार भीती वाटली.

ता. क. तिसरा – खरं सांगायचं तर पावसाळाभर आमच्याकडे राहायला या. आईने पुढची खोली रिकामी केली आहे. मशीनही आणा. खोली भोंग्यापासून वीस मीटरवर आहे, तिथे तो चौऱ्याण्णव भरतो. तुम्ही नव्वद. हवं तेवढं गा.