दादाची स्टेपनी सायकल

दादा,

‘प्रिय’ वगैरे मुद्दामच लिहिलेलं नाही. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि रागाच्या पत्रात असले लाड कशाला?

गेल्या आठवड्यात कचेरीत माझा फोन वाजला. “मिलिंदसरांच्या घरून का? त्यांची सायकल केव्हाची तयार आहे. गिअरचा पार्ट आला, बसवला. सर फोनच उचलत नाहीत, म्हणून तुम्हाला लावला. तुमचा नंबर त्यांनीच देऊन ठेवला होता.” कसबा पेठेतला तुझा सायकलवाला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. समोर दाखल्यांसाठी रांग उभी, आणि मी फोनवर एका अनोळखी माणसाला सांगतेय की सर घाटात गेले, आता फोन उचलणार नाहीत. तो हळूच म्हणाला, “पण मॅडम, सायकल तर इथे आहे. मग ते गेले कशावर?”

गेलास कशावर! खरंच, कशावर गेलास रे?

मी फोन ठेवला. रांगेतल्या बाईवर उगाच खेकसले. तिचा काय दोष? दोष तुझा. म्हणून तुलाच लिहितेय.

स्टेपनी हे नाव तूच ठेवलंस. गाडीला जसं जादाचं चाक, तशी तुला जादाची सायकल. पहिल्या पगारातून घेतलेली ती निळी गिअरची सायकल. पुढे कंपनी बदललीस, पगार वाढला आणि हलकीफुलकी शर्यतीची सायकल घरात आली. निळी विकून टाक असं सगळे म्हणाले. तू ती गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी हुकाला टांगलीस आणि म्हणालास, “सिरियस सायकलवाल्याकडे दुसरी पाहिजेच. एक दुकानात गेली तर?”

बाबा तेव्हा काय बोलले होते, आठवतंय? “आमचं अख्खं आयुष्य खडकीच्या फॅक्टरीत सायकलवरून जाण्यात गेलं. वाटलं, पोरगा इंजिनिअर होईल, सायकल सुटेल. तर या पोराला आता एक पुरत नाही!” तू किती हसला होतास! दोन बेडरूमचा फ्लॅट, लोनवर घेतलेली गाडी खाली पार्किंगमध्ये, आणि वर आईला पापड वाळत घालायला गॅलरीत जागा नाही. तुझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा आई म्हणाली, “मुलीकडच्यांना काय सांगायचं?” तू म्हणालास, “दोन सायकली आहेत हे आधी सांगा. मग पत्रिका न बघणारं घर आहे हे सांगा. दोन्ही ऐकून जी येईल ती आपली.”

तुझं कामही काय होतं? बॅकअप! हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत बसून दूरदेशीच्या कुठल्या कुठल्या कंपन्यांचा डेटा जपायचास. मला कळेल असं सांगायचास, “सुजाता, कॉपी काढून ठेवणं सोपं असतं. ती कॉपी वेळेला उघडते का, हे तपासत राहणं म्हणजे काम. न तपासलेला बॅकअप नसल्यात जमा.” तुझ्या हाताखालच्या एका मुलाने असं तपासलं नव्हतं म्हणून तू घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होतास. जेवताना आईला म्हणालास, “बेजबाबदार आहेत आजकालची पोरं.”

आणि तू? गॅलरीतली ती निळी किती वेळा खाली काढलीस? एकदा तरी? पुण्याचं ऊन, पाऊस, परत ऊन. माझ्या केसांचे रबर त्या दोरीवर विसरले तर महिन्याभरात तुटतात, दादा. टायरचं काय होत असेल, हे इंजिनिअरला कळू नये? मी म्हणतेय की तुला कळत होतं. हाच तर राग आहे. अडाणी असतास तर मी नुसती रडले असते.

त्या शनिवारी संध्याकाळी तू ती उतरवलीस, ओल्या फडक्याने धूळ पुसलीस आणि पंप मारायला लागलास. मी दारात उभी होते.

“उद्या नको जाऊस. तुझी चांगली सायकल येऊ दे.”

“मग ही कशाला ठेवलीय?”

“तिच्याकडे बघ तरी एकदा नीट.”

“बघितलं. हवा राहतेय. चालतंय.”

“एक रविवार घरी बसलास तर काय मरशील का?”

तू हसलास. “आठवडाभर एसीत बसून माझा बर्फ होतो गं. एक रविवारच तर मिळतो.”

हे खरं होतं, ते मलाही माहीत होतं. कंपनीची बस तुला सकाळी न्यायची आणि रात्री आणून टाकायची. रविवारी घाटातून परत यायचास तेव्हा तुझा चेहरा शाळेतल्यासारखा दिसायचा. म्हणून मी पुढे वाद घातला नाही. पण रविवार पुढच्या आठवड्यातही येणार होता ना? तो येतच असतो. या आठवड्यातही आला.

कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना पुढचं टायर फुटलं. तू उलट्या बाजूला फेकला गेलास आणि समोरून टेम्पो आला. डोक्यावर हेल्मेट होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. टेम्पोवाल्यानेच तुला उचलून दवाखान्यात नेलं. पोलीस त्याला बाजूला घेऊन विचारत होते, तेव्हा बाबा पुढे झाले आणि म्हणाले, “त्याला सोडा. त्याची काही चूक नाही. टायर आमच्या घरचं होतं.” बाबा असं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर किती तरी दिवस ते दुसरं काही बोललेच नाहीत.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, वंदना झाली. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. विश्रांतवाडीतली माणसं होती, फॅक्टरीतले बाबांचे सोबती होते, तुझ्या ऑफिसातले गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरून आलेले होते. आणि तुझा सायकल ग्रुप. सगळे पांढऱ्या कपड्यात, कसनुसे उभे.

चहाच्या वेळी तुझ्या ग्रुपातले दोघे फोटोच्या अगदी समोर उभे राहून वाद घालत होते. एक म्हणे, दुसरी सायकल ठेवायची तर पहिलीच्याच दर्जाची हवी, जुनाट ठेवू नये. दुसरा म्हणे, मुळात दोन हव्यातच कशाला, एकच चांगली ठेवावी आणि तिच्यावरच खर्च करावा. मग पहिला, अहो पण एक बिघडली तर? आवाज चढायला लागले. आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली, तिला सगळं ऐकू जात होतं!

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “अहो, आपापसात कशाला भांडताय? माझा भाऊ समोरच आहे. त्याला विचारा ना. त्याचा अनुभव अगदी ताजा आहे.”

दोघांचे कप हातातच राहिले. मावशीने मला दंडाला धरून आत नेलं. तुझ्या फोटोकडे मी मागे वळून बघितलं, आणि शपथेवर सांगते, हसू आलं मला. तुझीच बहीण ना!

आत अमोल आला. तुझा अमोल, घाटात कायम तुझ्या मागच्या चाकाला चिकटलेला. दाराची कडी धरून उभा राहिला. म्हणाला, “सुजाता, घाटात वर चहाला थांबलो होतो. मी त्याला म्हटलं, पुढच्या टायरला भेगा पडल्यात रे. तो म्हणाला, चालतंय.”

चालतंय! या एका शब्दावर अख्खं शहर चालतं. तोंडाने चालतंय म्हटलं म्हणून रबर ऐकतं का?

“मग तू त्याला उतरू का दिलंस?” मी विचारलं.

अमोल रडायला लागला, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

काल कचेरीला सुट्टी होती. मी कसब्यात जाऊन तुझी सायकल घेतली. दुकानदाराने सीट माझ्या उंचीला खाली करून दिली. मी ती हातात धरून गल्लीच्या तोंडाशी आले. डावीकडे वळलं की अमोलचं घर. पाय आपोआप तिकडे वळले.

दार त्याच्या आईने उघडलं. अमोल लुंगीवर पेपर वाचत होता. मला आणि माझ्या हातातल्या तुझ्या सायकलला बघून उठून उभा राहिला.

“तुझ्याकडेपण दुसरी आहे ना?” मी म्हटलं. “कुठाय?”

“गच्चीवर. का गं?”

“काढ बाहेर.”

आम्ही वर गेलो. पत्र्याखाली, भिंतीला टेकून उभी होती. अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. मी खाली बसले आणि टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कोरड्या शेतासारखं ते ठिकठिकाणी उललं. आतले दोरे दिसले.

“हे बदलायचंच होतं,” अमोल म्हणाला. “पण ही कुठे रोज लागते? चाल...” आणि तो शब्द अर्ध्यातच गिळून तो थांबला.

“काकू,” मी खाली हाक मारली, “भाजीची सुरी द्या जरा.”

काकू सुरी घेऊन वर आल्या. बिचाऱ्यांना वाटलं असेल, काही सोलायचंय. मी ती टायरमध्ये खुपसली आणि ओढली. हवा फुस्सकन गेली. मग ट्यूब, मग मागचं टायर, वेड लागल्यासारखी कापत सुटले. अमोल अडवायला आला नाही. काकू मात्र “अगं पोरी, हाताला लागेल” म्हणत होत्या, आणि मी म्हणत होते, “आज ना उद्या तुमच्या पोराला लागलं असतं, काकू! आज ना उद्या!”

सगळं कापून झाल्यावर आम्ही तिघं गच्चीवर खाली बसलो. काकूंनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि अमोलच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. मग मला पाणी आणून दिलं. अमोल म्हणाला, “ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त लोकांच्या दुसऱ्या सायकली अशाच आहेत.” मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या घरोघरी हे टांगलेलं आहे.”

मला आता तुमच्या त्या वादाचं उत्तर ठाऊक झालंय. दुसरी सायकल जरूर ठेवावी. पण तिला दर आठवड्याला रस्ता दाखवावा, तेल द्यावं, टायर दाबून बघावं. पहिलीइतकं तिला जपता येत नसेल तर ती विकावी, वाटावी, भंगारात घालावी. आणि एखाद्या रविवारी पीएमटीने घाटापर्यंत जाऊन मित्रांना टाटा करावा. एवढं साधं होतं रे! तुझ्या डोक्यात एवढं मोठालं काय काय मावायचं, त्यात एवढंसं मावलं नाही?

ओढणी कमरेला बांधून मी तुझी सायकल घरी आणली. अर्धा रस्ता चालवत, अर्धा हातात धरून. रिक्षावाले ओरडत होते, मीही त्यांच्यावर ओरडत होते. बरं वाटलं.

बाबा खाली पार्किंगमध्ये उभे होते. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबून बघितले, दोन्ही टायर अंगठ्याने चाचपले आणि इतक्या दिवसांनी आपणहून बोलले, “ही उभी ठेवायची नाही. रोज चालली पाहिजे. तू जा हिच्यावरून कचेरीत.” मी हो म्हटलं. आईने आधी तोंड फिरवलं. आत जाऊन बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “गॅलरीत ठेवू नकोस गं. ऊन लागतं.” आता ती दिवाणखान्यात तुझ्या फोटोखाली उभी आहे. येणाजाणाऱ्याला अडचण होते. होऊ दे.

माझा राग गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही, निदान इतक्यात तरी. आई म्हणते, गेलेल्या माणसावर रागावू नये. मी तिला म्हटलं, गेलेल्या माणसाने जाताना विचारलं होतं का?

आज सकाळी अमोलचा फोन आला होता. पुढच्या रविवारी ग्रुप परत निघतोय, स्वारगेटहून. त्याने सगळ्यांना सांगितलंय की पहिली असो की दुसरी, निघण्याआधी सायकल सुजाताला दाखवायची. काहीजण कुरकुरले म्हणे. कुरकुरू देत. मी तुझ्याच सायकलवरून जाणार आहे आणि प्रत्येकाचं टायर माझ्या अंगठ्याने दाबून बघणार आहे. ज्याचं उलेल त्याला तिथूनच घरी पाठवीन. मग तो कुठल्या कंपनीत केवढाही मोठा साहेब असो. तुझ्यावर ओरडायचं जेवढं उरलंय, ते सगळं त्यांच्यावर ओरडेन. कजाग म्हणतील मला, म्हणू देत. पण दादा, तुला वचन देते, त्यांच्यातला प्रत्येकजण दुपारी आपापल्या आईसमोर जेवायला बसलेला असेल.

तुझ्यावर रागावलेली,
सुजाता