रॅम्प आणि स्टेजमधली फट

आप्पा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी तुमच्या तिथीला मी इंदापूरला येते, आईला स्वयंपाकात हातभार लावते, तुमच्या फोटोला हार घालते, चार माणसं जेवून गेली की भांडी पुसून फडताळात ठेवते, आणि हे सगळं करताना आतून धुसफुसत असते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणते. बोलत नाहीच मी. आज लिहायला बसले, कारण काल पुण्यात एका दुकानदाराने मला साधा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलंय. टँकर फाटकातून आत येतो तिथपासून दुधाच्या पिशव्यांचे क्रेट गाडीत चढतात तिथपर्यंत, सगळा प्रकल्प एका सलग शॉटमध्ये दाखवायचा, मध्ये कुठंही न कापता. एक कामगार माझ्याकडे तोंड करून चालत येणार, म्हणजे मी उलटी चालणार. माझ्याकडे गिंबल आहे, मोटरवर कॅमेरा सरळ धरून ठेवणारं हातातलं यंत्र. लग्नं, बैलगाडा शर्यती, प्रचाराच्या सभा, सगळं मी त्याच्यावर काढलं. पण मोठा कॅमेरा लावून एवढा वेळ हात पुढं करून धरायचा म्हटलं, की मनगटं बोलायला लागतात. चाळिशी जवळ आली माझी. म्हणून अंगात घालायचा रिग बघायला गेले. तसाच, आपल्याकडे होता तसला: छातीला पट्ट्यांचं जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात, हाताला उभा दांडा, दांड्यावर कॅमेरा आणि खाली वजनं. आता बायकांच्या मापाची जाकिटंही मिळतात. दुकानदाराने ते माझ्या अंगावर नीट बसवलं, दोन पावलं चालून बघायला सांगितलं आणि सहज विचारलं, "मॅडम, मागं धरायला तुमचा माणूस कोण असतो?" मी बकल सोडली, जाकीट त्याच्या काउंटरवर ठेवलं आणि "कळवते" म्हणून बाहेर आले. त्याला वाटलं असेल, बाईला परवडत नाही.

या धंद्यात नवीन आलेल्या मुली मला विचारतात, ताई, कुठला गिंबल घेऊ? मी त्यांना शहाण्यासारखं सांगते, आधी आपला कॅमेरा आणि लेन्स यांचं वजन बघ, बॅटरी किती चालते ते बघ, दुरुस्ती बारामतीत होते का पुण्याला पाठवावं लागतं ते विचार. सगळं खरंच असतं. पण मी स्वतः आजवर जे काही घेतलं, ते एकच गोष्ट बघून घेतलं: याला मागं माणूस लागतो का? लागत असेल तर नको. हे तुमच्यामुळे झालं.

तुम्ही तो रिग आणला तेव्हा अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नव्हता. तुमचे गुडघे गेलेले, म्हणून चालवायचा मी, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. लोक हसले. तुमच्या बहिणीने तर तोंडावर विचारलं, "दादा, लेकीला काय बैलागत जू घालतुयास व्हय?" तुम्ही ऐकलं नाहीत. जाकीट पुरुषाच्या छातीचं, माझ्या अंगात ते डुगडुगायचं आणि बरगड्यांना काचायचं. तुम्ही ते उचलून ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडे नेलंत, पट्टे कापून घेतलेत, आतून नवा फोम लावून घेतलात, आणि मागे कमरेच्या वर जाड नवारीचा एक फास शिवून घेतलात. "ह्यो माजा," असं म्हणालात. तो धरून तुम्ही माझ्या मागे चालणार होता. किती आनंद झाला होता मला! हे कबूल करायला मी लाजत नाही. बापाने स्वतः उभं राहून लेकीसाठी अवजार शिवून घेतलेलं मी आपल्या नात्यागोत्यात दुसरीकडे बघितलेलं नाही.

मग सराव. आपलं फोटो-शूटिंगचं दुकान बंद असेल त्या दुपारी तुम्ही मला स्वयंपाकघरात चालवायचात, कारण तिथे जागा कमी आणि अडथळे जास्त. दांडा आडवा धरून सोडायचा, तो सरळ खाली यायला किती वेळ लागतो ते तुम्ही बोटांवर मोजायचात. तीन बोटं झाली की तोल बरोबर. मग मी दारातून आत, आईच्या परातीवरून, शेगडीला वळसा घालून, परत उलटी दारापर्यंत. आई ओरडतेय, "भाकरी करपली तर क्यामेरा खावा दोगं बी!" आणि तुम्ही माझ्या मागे, फासात एका हाताची मूठ, दुसऱ्याचा तळवा पाठीला टेकलेला. तळवा टेकलेला असला की चालत राहायचं. फास खेचला की थांबायचं. दोनदा खेचला की मागे पायरी आहे. एकदा मी मान वळवून मागे बघितलं, तर तुम्ही कॅमेराच बंद केलात. "मागं बगायचं आसंल तर हे काडून ठिव आन घरात बस. तुजं डोळं फुडं. मागं मी हाय." मी पुन्हा कधी मागे बघितलं नाही. दोन वर्षं, किती लग्नं झाली असतील, तुमच्या तळव्यावर भरवसा ठेवून मी पायऱ्या चढले, वायरी ओलांडल्या, नाचणाऱ्या वऱ्हाडातून उलटी बाहेर आले. तुम्ही कधी चुकला नाहीत. म्हणूनच जास्त राग येतो.

निमगाव केतकीजवळचं ते कार्यालय तुम्हाला आठवत असेलच. भर दुपारचं लग्न. दारापासून स्टेजपर्यंत लाकडी रॅम्प घातलेला, त्यावर लाल गालिचा, आणि रॅम्प व स्टेज यांच्यामध्ये हातभर रुंद फट. सकाळी आपण दोघांनी ती बघितली होती. "हितं मी दोनदा खेचंन," तुम्ही म्हणाला होता. नवरी भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून येतेय, मी तिच्यासमोर उलटी चालतेय, तळवा पाठीवर आहे. तेवढ्यात माईकवरून पुकारा होतो की अमुक पतसंस्थेचे चेअरमन यांचं आगमन झालेलं आहे. ते बाजूच्या दाराने, तुमच्या अगदी जवळून आत येतात. आणि तुम्ही माझा फास सोडून दोन्ही हात जोडता.

दोन्ही हात, आप्पा! एक छातीशी नेला असता तर काय बिघडलं असतं? मान लववली असती तरी भागलं असतं. त्या माणसाकडून आपल्याला काही मिळालं नव्हतं, मिळणारही नव्हतं, त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण कडक इस्त्रीचे पांढरे कपडे दिसले की तुमचे हात आपोआप वर जायचे, आणि एका हाताने नमस्कार केला तर अपमान होतो, असं तुम्हाला तुमच्या वडिलांनी शिकवलेलं. माझा डावा पाय फटीत गेला. अंगावर तो सगळा लोखंडी संसार घेऊन मी स्टेजच्या कडेवर पाठीवर पडले. घोटा मोडला. लेन्सच्या काचा गालिच्यावर. नवरी किंचाळली. चेअरमन म्हणाले, "अरे अरे, संभाळून," आणि पुढे जाऊन खुर्चीवर बसले.

हे सुद्धा मी विसरले असते. माणसाचा हात सुटतो. पण त्यानंतर तुम्ही काय केलंत? मला उचलायला आलात आणि मी काही बोलायच्या आत जमलेल्या लोकांना सांगितलंत, "पोरीचा पाय घसरला." दवाखान्यात डॉक्टरांना तेच, घरी आईला तेच. मी प्लास्टर घालून पडलेली असताना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर तेच. मी एकदाच म्हटलं, मागून हात सुटला. तर आत्या फिस्सकन हसली आणि म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" तुम्ही तिथेच बसला होता. बशीतला चहा फुंकत. महिनाभरात पंचक्रोशीत झालं, की बाईमाणसाला ते वजन झेपत न्हाय, आमी आदीच म्हणत हुतो. तुम्हाला ते ऐकू येत होतं. मलाच नाही, माझ्यामागून या कामात येऊ बघणाऱ्या प्रत्येक पोरीला ते ऐकावं लागलं, अजून लागतं. रिग तुम्ही अकलूजच्या एका फोटोग्राफरला देऊन टाकलात, तो तुम्ही शिवून घेतलेल्या फासासकट. आणि मला दुकानात कॉम्प्युटरसमोर बसवलंत, "एडिटिंग बग आता, बसून काम हाय" म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिथेच चुकलात तुम्ही. त्याच लग्नाची कॅसेट, म्हणजे तेव्हा डीव्हीडी, मीच जुळवायला घेतली. स्टेजच्या बाजूला स्टँडवर लावून ठेवलेला आपला दुसरा कॅमेरा चालूच होता. त्यात सगळं आहे. तुमचे दोन्ही हात जोडलेले आहेत, कमरेत वाकलेले आहात, आणि चेहऱ्यावर असं हसू, की तसं माझ्याकडे बघून तुम्ही कधी हसला नाहीत. ती क्लिप मी लग्नाच्या फिल्ममधून कापली आणि वेगळी ठेवली. महिन्याभरात बारामतीला खोली घेतली आणि दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागले. तुम्ही बसस्टँडवर सोडायला आलात, खिडकीतून द्राक्षांची पिशवी दिलीत.

शेवटच्या दिवसांत पुण्याच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मी होते. आई खाली औषधं आणायला गेली होती. मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुमचा हात कुठं होता?" तुम्ही म्हणालात, "थंडीत दुकतो का गं घोटा?" हे उत्तर झालं का? मला तुमची माफी नको होती. चार माणसांत नको, आत्यासमोर नको, त्या खोलीत नुसतं "व्हय, सुटला" एवढं हवं होतं. तेवढंही तुम्ही बरोबर घेऊन गेलात. घोटा दुखतो. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

तर काल रात्री जेवून झाल्यावर मी ती क्लिप काढली. पहिल्यांदा नाही बघितली, शेकडो वेळा बघितली आहे. लोक म्हणतील, एवढा पुरावा होता तर आत्याच्या तोंडावर का नाही मारलास? आईला का नाही दाखवलास? वर तुमच्या खुणा लिहिताना मी एक खूण गाळली. तळवा टेकला की चाल, खेचलं की थांब, हे लिहिलं. तिसरी खूण तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवली होती: हात लागेनासा झाला तर जागेवर उभं राहायचं, एक पाऊल टाकायचं नाही, मग नवरी जाऊ दे नाहीतर शॉट जाऊ दे. क्लिपमध्ये तुमचे हात माझ्या पाठीवरून निघतात. त्यानंतर मी एक पाऊल मागे टाकते. मग दुसरं टाकते. मग फट येते.

मला कळलं होतं, आप्पा. पाठ एकदम गार पडली, कळणार नाही असं होतंच कसं? पण त्याच क्षणी, तोपर्यंत मान खाली घालून चालणाऱ्या त्या पोरीने डोळे वर केले. स्टेजवर नवऱ्याकडे बघितलं असेल. असा चेहरा फ्रेममध्ये वर्षाकाठी एकदा मिळतो. थांबले असते तर तो फ्रेममधून निसटला असता. मला वाटलं, दोन पावलं निभतील.

म्हणून दुकानदाराला काय सांगायचं ते कळेना. मी इतकी वर्षं यंत्रांना विचारत राहिले, की मागं माणूस लागतो का. मागच्या माणसाने हात काढला तर काय, ही माझी भीती नव्हती. हात काढलेला कळूनही मी थांबणार नाही, ही होती. रिग मी घेणार आहे. मागे कुणाला उभं करायचं ते ठरवेन.

तुमच्यावरचा राग याने कमी झालेला नाही. तुम्ही हात सोडलात आणि खोटं बोललात, हे दोन्ही तुमच्याच नावावर राहील. हे पत्र मी फाडून टाकणार आहे, आईच्या हाती लागू देणार नाही. ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला माझा पाय घसरल्याचं सांगते आणि मी गप्प बसते. तिला वाटतं, मी तुमची लाज राखते आहे. ती क्लिप लावली तर तुमचे हात दिसतील, आणि त्याच चौकटीत माझे पायही दिसतील.