चुलत पोवळ्याचं भस्म

५ नोव्हेंबर १९५१
कोल्हापूर फर्मास! कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आज रुजू झालो. प्रयोगशाळेमागेच दोन खोल्या मिळाल्या. रंकाळा जवळ, दूध धारोष्ण. कालिंदीला पाचवा महिना. आधीची दोन्ही गेली. हे तरी हाती लागू दे, एवढंच देवाकडे मागणं.

७ नोव्हेंबर
माझ्याकडे लेस-पोवळ्यांचं कपाट आलंय. नॉर्वे, जपान, अलास्का, न्यूझीलंड, कुठकुठल्या समुद्रांतले गुलाबी-जांभळे नमुने, क्रोशाच्या विणीसारखे. ही खरी पोवळी नव्हेत, चुलत भावंडं. बहुतेक खोल, गार अंधारात वाढतात. भिंगाखाली पाहिलं: मध्ये एक मोठं छिद्र, भोवती बारक्या छिद्रांचं कडं. कड्यातल्या जिवांना तोंडच नसतं. ते नुसते धरून ठेवतात, मधला खातो. पिल्लं आईच्या चुनखडी अंगातल्या फुगवट्यांत वाढतात. कालिंदीला सांगितलं तर म्हणाली, जेवताना नको.

१२ नोव्हेंबर
वैद्यांनी तिला प्रवाळभस्म सांगितलं. बाजारातलं भेसळीचं, आम्ही शास्त्रवाले कशाला घेऊ? अलास्काच्या नमुन्याची एक फांदी मोडलेलीच होती. चुना तो चुनाच. गुलाबपाण्यात खलून गोवऱ्यांत भाजली. वैद्य भाजण्याची अशी तीन पुटं देतात, मी एकातच उरकलं. शिपाई पिराजी म्हणाला, “सायेब, त्ये पोवळं न्हवं. कपाटातलं खायाचं नसतंय की!” मला हसू आवरेना. रोज मधातून गुंजभर देतोय.

२० नोव्हेंबर
कालिंदीला मीठ पुरत नाही. पाण्यात कालवून तांबेच्या तांबे पिते. उजेड सोसत नाही, खिडक्या लावून घेते. अंग गार लागतं. ताप तर नाही.

२७ नोव्हेंबर
पोटावर पुरळ. उष्णता असेल म्हणालो. मग भिंग आणलं.
मध्ये एक. भोवती कडं.
सगळ्या पोटभर.
भस्म फेकलं. पण पंधरा दिवस माझ्याच हातानं चाटवलं —

२ डिसेंबर
सुईण तानाबाई आली. पोटाला हात लावला आणि झटकन मागे सरली. म्हणाली, दगूड झालाय. आन् आत एक न्हाय, लई हायती. चहाही न घेता गेली.

४ डिसेंबर
कालिंदी आज हसली. पोर हलतंय, हात लावून बघा म्हणाली. किती दिवसांनी हसली. लावला.

डाव्या हातानं लिहितोय. उजवा सुटत नाही. बारकी धरून — दुखत नाही, नुसतं गार — पिराजीला हाक मारली, कुणी — ती अजून हसतेच आहे — मधलं आता उघड